हजेरीपट कुणाच्या हातात

जूनमध्ये माझ्या शाळेचा पट चाळिशीच्या घरात असायचा. दिवाळीची सुट्टी संपवून कुलूप उघडलं की वर्गात बारा-पंधरा डोकी. बाकीची कुठे गेली हे विचारायची गरज नसे. वाडीवरची निम्मी घरं दाराला काटक्या लावून बंद झालेली असत आणि मुकादमाचा टेम्पो पहाटेच येऊन गेलेला असे. कोणी पनवेल-खालापूरकडच्या वीटभट्टीवर, कोणी घाट चढून कोळसा पाडायला, थेट कर्नाटकापर्यंत. पावसाळ्यात घेतलेली उचल फेडायची तर पोरंही लागतात. एक धाकट्याला सांभाळायला, एक विटा उलटायला.

मी मुरूड तालुक्यातल्या एका कातकरी वाडीवर जिल्हा परिषदेची शिक्षिका होते. आता निवृत्त आहे. वाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे तिथल्या माणसांची बोलणी येणार आहेत आणि ती त्यांनी माझ्याशी केलेली आहेत, इंटरनेटशी नाही.

हे सगळं पुन्हा डोक्यात घोळायला लागलं ते आदिवासी जमातींना सरकारी पैशावर स्वतःची शाळा चालवू देणाऱ्या अमेरिकेतल्या एका कायद्यामुळे. माझी मुलगी सिअ‍ॅटलला असते. तिच्याकडे राहायला गेले होते तेव्हा एका ऑगस्टात आम्ही फेरीबोटीनं खाडी ओलांडून सुक्वामिश जमातीच्या त्याच नावाच्या गावी गेलो. (बोटीत मोटारी चढतात याचं मुलीला वाटलं मला कौतुक वाटेल. मांडव्याला 2020 पासून रो-रो चालू आहे म्हटलं.) ज्याच्या नावावरून सिअ‍ॅटल शहराला नाव पडलं त्या म्होरक्याची कबर तिथे आहे. पण माझं लक्ष कबरीपेक्षा किनाऱ्याकडे गेलं. ओहोटी लागलेली आणि चार बायका वाकून वाळूतून तिसऱ्या, म्हणजे शिंपले, काढत होत्या. बादल्या सोडल्या तर सगळं आपल्या खाडीवरचंच. त्या बायकांना तिथे तिसऱ्या काढायचा हक्क आहे, कारण 1855 च्या पॉइंट इलियट करारात सरकारनं त्यांच्या पूर्वजांकडून जमीन घेताना मासेमारीचा हक्क त्यांच्याकडे ठेवला होता. पुढे शंभर वर्षं तो कोणी पाळला नाही. 1974 साली एका फेडरल न्यायाधीशानं तो करार वाचून निम्मी मासळी जमातींची असा निकाल दिला, आणि शिंपल्यांबद्दलचा निकाल लागायला 1994 उजाडलं.

तिथल्या संग्रहालयात माझ्याच वयाच्या एक बाई होत्या. मी शिक्षिका होते कळल्यावर त्यांनी पहिलं काही सांगितलं असेल तर त्यांच्या शाळेबद्दल. चीफ किटसॅप अकॅडमी, सहावी ते बारावी. शाळा जमात चालवते, पण ती खाजगी नाही. फी नाही, राज्य सरकारचा पैसा, बिगर-आदिवासी मूलही येऊन बसू शकतं. लशूटसीड ही त्यांची भाषा तिथे शिकवतात. त्या बाईंच्या आईला लहानपणी सरकारी वसतिशाळेत नेलं होतं आणि ती भाषा बोललं की मार मिळायचा. हे सांगताना त्यांचा आवाज काही बदलला नाही. नळाला पाणी किती वाजता येतं हे सांगावं तसं सांगितलं.

मला खरं कुतूहल होतं ते कागदांचं. नोकरीतली निम्मी वर्षं कागद भरण्यात गेलेली. सरकारी पैसा आणि जमातीचा कारभार, हे दोन्ही एकत्र कसं बसवलं? मुलीकडून कायदा काढून घेतला आणि जावयाकडून अडलेले शब्द समजून घेतले.

वॉशिंग्टन राज्याच्या विधिमंडळानं 2013 साली हा कायदा केला. विधेयक क्रमांक 1134. मांडणारे जॉन मॅकॉय हे स्वतः टुलालिप जमातीचे. टुलालिप हे नाव महत्त्वाचं, कारण जमातींची मुलं उचलून आणण्यासाठी जी वसतिशाळा होती ती त्याच गावात होती. कायद्याचा गाभा सोपा आहे. राज्याचा शिक्षणप्रमुख आणि जमातीचं सरकार यांच्यात करार होतो. परवानगी, मान्यता, अनुदान मंजुरी यांपैकी काही नव्हे, दोन सरकारांमधला करार. तो झाला की त्या शाळेला शालेय जिल्ह्यांवरचे, म्हणजे तिकडच्या सरकारी शाळा चालवणाऱ्या मंडळांवरचे, बहुतेक नियम लागू होत नाहीत, आणि तरी राज्याकडून दर विद्यार्थ्यामागे पैसा मिळतो. मूल जिथे शिकेल तिथे पैसा जातो.

पण मोकळीक सरसकट नाही, आणि मला तो भाग जास्त आवडला. प्रवेश नाकारता येतो तो फक्त वय, इयत्ता किंवा जागा या कारणांनी. जागा कमी पडली तर जमातीच्या मुलांना आणि आधीच शिकणाऱ्यांच्या भावंडांना आधी घेता येतं. शिक्षक प्रमाणपत्रधारकच हवेत, मात्र एखाद्याकडे असाधारण जाणकारी असेल तर प्रमाणपत्राशिवाय नेमण्याची वाट ठेवली आहे. भाषेचं तर त्याआधीच, 2007 मध्ये, ठरलं होतं. जमातीची भाषा शिकवायला कोण लायक हे जमात सांगते आणि राज्य त्यावर प्रमाणपत्र देतं.

हे वाचून मला आमच्या वाडीवरची एक आजी आठवली. डोंगरावर कुठला कंद कडू, कुठला गोड, कडूकंद किती पाण्यात उकळायचा, वाहत्या पाण्यात किती वेळ ठेवायचा, पहिल्या पावसात मासे कुठल्या वहाळानं वर चढणार, हे तिला तोंडपाठ. चौथीच्या परिसर अभ्यासाच्या पुस्तकात जे आहे त्याच्या दसपट. तिला शाळेत आणायचं तर माझ्याकडे एकच खातं होतं, पोषण आहार शिजवणारी. ती खिचडी ढवळता ढवळता शिकवायची, आणि मानधन खिचडीचंच मिळायचं. तेही तीन-चार महिन्यांनी.

अलास्कानंही 2022 मध्ये असाच कायदा केला, सिनेट विधेयक 34. तिथे 229 जमातींना फेडरल सरकारची मान्यता आहे, म्हणून सुरुवातीला पाच जमातींबरोबर प्रायोगिक करार असं ठरवलं. तपशिलात जात नाही. एवढंच की ही कल्पना आता एका राज्यापुरती उरलेली नाही. तिची मुळंही जुनी आहेत. अ‍ॅरिझोनात नवाहो लोकांनी रफ रॉकची शाळा 1966 मध्येच स्वतःच्या मंडळानं चालवायला घेतली होती, आणि जमातींनी सरकारी सेवा करारावर स्वतः चालवाव्यात हा फेडरल कायदा 1975 चा.

आता आपल्याकडे या. आणि इथे मला थोडं चिडायची परवानगी द्या.

आपल्याकडे लोकांच्या हातात शाळा दिलेली नाही असं कोणी म्हणू शकणार नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 21 मध्ये शाळा व्यवस्थापन समिती आहे. तीन चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या बायका. समितीनं शाळेचा विकास आराखडा करायचा, खर्चावर देखरेख ठेवायची. कागदावर सुक्वामिशपेक्षा काही कमी नाही. प्रत्यक्षात बैठकीची वही मुख्याध्यापक लिहितो, आराखडा मुख्याध्यापक लिहितो, अध्यक्षांची सही किंवा अंगठा नंतर घरी जाऊन आणतात, कारण अध्यक्ष तेव्हा भट्टीवर असतात. आणि समितीला शिक्षक नेमता येत नाही, बदलता येत नाही, पैसा स्वतःच्या बुद्धीनं वळवता येत नाही, सुट्ट्या ठरवता येत नाहीत. मग उरतं काय? गणवेशाचं कापड आणि पंधरा ऑगस्टचा खाऊ.

पेसा? आदिवासी भागातल्या ग्रामसभेला जास्तीचे अधिकार देणारा 1996 चा तो कायदा अनुसूचित क्षेत्रापुरता, म्हणजे घटनेखाली आदिवासी भाग म्हणून जाहीर झालेल्या प्रदेशापुरता. पालघरमध्ये जव्हार-मोखाडा-तलासरी त्यात येतात, तिथल्या ग्रामसभेला काही तरी बोलायला जागा आहे. रायगड जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाहीच. म्हणजे कातकरी महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित जमातींपैकी एक, पण ज्या जिल्ह्यात ते वाडीवाडीला आहेत तिथे त्यांच्या ग्रामसभेला हा कायदा लागू नाही. गाव आगऱ्यांचं, कोळ्यांचं, मराठ्यांचं, आणि वाडी गावाच्या कडेला. ग्रामसभेत वाडीचा विषय शेवटी येतो, तोवर निम्मे उठून गेलेले असतात.

राज्यघटनेत याहून पुढची गोष्ट आहे, आणि ती मला फार उशिरा कळली. सहाव्या अनुसूचीत, म्हणजे आसाम, मेघालय, त्रिपुरा, मिझोरामच्या आदिवासी भागांत, स्वायत्त जिल्हा परिषदेला प्राथमिक शाळा काढण्याचा आणि चालवण्याचा अधिकार आहे. प्राथमिक शिक्षण कोणत्या भाषेत आणि कसं द्यायचं हेही ती ठरवू शकते. म्हणजे आदिवासींनी स्वतःची सरकारी शाळा चालवावी ही कल्पना सिअ‍ॅटलहून आयात करायची गरज नाही. आपल्याच घटनेत ती पंचाहत्तर वर्षं पडून आहे, फक्त नकाशाच्या एका कोपऱ्यासाठी.

इथे कोणी तरी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं नाव काढेल, आणि काढलंच पाहिजे. 1945 साली बोर्डीला आणि मग कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी जे केलं ते आजही कोणाला जमलेलं नाही. वारल्यांची पोरं गुरांमागे जातात म्हणून शाळा कुरणात नेली, कुरणशाळा. मोठ्या बहिणीला धाकट्याला सांभाळावं लागतं म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली, विकासवाडी. मुलाच्या दिवसाप्रमाणे शाळेचा दिवस. पुढे विटभट्ट्यांवर भोंगाशाळा निघाल्या त्याही याच जातीच्या. पण एक गोष्ट लक्षात घ्या. कुरणशाळा ताराबाई आणि अनुताईंनी ठरवली म्हणून झाली. त्या दोघी होत्या म्हणून वारल्यांच्या मुलांचं भाग्य. त्या नसत्या तर? सुक्वामिशच्या कायद्यात कुणी ताराबाई असण्याची गरज ठेवलेली नाही, हा फरक मला मोठा वाटतो.

जुन्या सहकाऱ्यांशी यावर बोलले तेव्हा एक जण हसले. म्हणाले, "बाई, तुम्ही हा कायदा इथे आणा, पहिला करार कोण करील ते मी सांगतो. ज्यांच्या आत्ता आश्रमशाळा आहेत तेच." आणि हे खोटं नाही. अनुदानित आश्रमशाळा हीसुद्धा मूळ कल्पनेत आदिवासी मुलांसाठी संस्थांनी चालवायची सरकारी पैशाची शाळाच होती. माझ्या पाहण्यातल्या संस्थांच्या कार्यकारिणीत आदिवासी आडनाव शोधायला चष्मा पुसावा लागतो. उद्या "जमातीची शाळा" म्हणून अनुदान निघालं तर वाडीवरच्या एखाद्याला नावाला अध्यक्ष करतील आणि चेकबुक तालुक्याच्या गावी राहील. तिकडे करार जमातीच्या सरकारशी होतो. त्या सरकारला स्वतःचं न्यायालय आहे, पोलीस आहेत, उत्पन्न आहे. सुक्वामिशचा तर कॅसिनोही आहे. आमच्या कातकऱ्यांकडे करारावर सही करणारं असं कोण आहे? बहुतेक वाड्यांना पायाखालची जमीनसुद्धा स्वतःच्या नावावर नाही. घर आजोबानं बांधलेलं, सातबारा दुसऱ्याच्या नावावर, आणि रस्ता झाला, जमिनीला भाव आला की वाडी उठवायची भाषा. जमातीची शाळा बांधायची झाली तर ती कुणाच्या सातबाऱ्यावर बांधणार?

आणखी एक गोष्ट वाडीवर बसून बोलले तेव्हा ऐकली. माझ्या एका विद्यार्थ्याची आई, स्वतः शाळेचं तोंड न पाहिलेली, तिला मी सगळं सांगितलं. त्यांची शाळा, त्यांची भाषा, त्यांचेच मास्तर. ती शांतपणे म्हणाली, "बाई, आमची येगली शाला केली तं ती आमच्यापुरतीच राहील. माजा पोर समद्यांच्यात बसला पायजे." मी गप्प बसले. कातकऱ्यांच्या पोरांना वर्गात मागे बसवलं जायचं, वेगळ्या ताटलीत खाऊ मिळायचा, हे तिच्या पिढीनं पाहिलेलं आहे. वेगळी शाळा म्हणजे तिला वेगळी ताटली वाटते. तिच्या या भीतीला प्रवेश सगळ्यांना खुला ठेवणारं कलम उत्तर देतं, पण कायद्याचं कलम वाडीवर कोणाला भरवसा देत नाही. आणि वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा बंद करून समूहशाळा करण्याची चर्चा 2023 पासून चालू आहे. त्यात वाडीवरची आहे ती शाळाच राहते की नाही याची धास्ती आधी आहे.

मग मी काय म्हणतेय? पूर्ण अमेरिकन कायदा आणा असं नाही. पैसा आणि नेमणुका यांवरची लढाई माझ्या आयुष्यात संपेल असं वाटत नाही. पण त्या कायद्यातली एक गोष्ट अशी आहे की ती मागायला नवा कायदाही लागत नाही. वर्षाचं वेळापत्रक.

शाळा उघडते 15 जूनच्या आसपास, आणि नेमकी तेव्हाच वलगण असते. पहिला जोराचा पाऊस पडला की मासे वहाळातून उलटे वर चढतात. रात्री बापाबरोबर बत्ती घेऊन गेलेला पोर दुसऱ्या दिवशी वर्गात येत नाही. पहिल्याच आठवड्यात गैरहजेरीचा शेरा. पुढे जून ते दिवाळी ही पोरं वाडीवरच असतात. तोच त्यांच्या शिक्षणाचा काळ, आणि त्यातच आपण गणपती, दिवाळी, परीक्षा, सर्वेक्षणं, प्रशिक्षणं घुसवतो. दिवाळीनंतर रिकाम्या वर्गात मात्र निवांत शिकवायला वेळ. शिक्षण हमी कार्ड हातात देऊन पोरं भट्टीवर पाठवायची आणि तिथल्या शाळेत ती दाखल झाली असं ऑनलाइन माहितीत दिसलं की समाधान मानायचं, ही पद्धत मी स्वतः राबवली आहे. किती कार्डं भट्टीच्या गावातल्या शाळेत पोहोचली हे कोणालाही विचारा.

पहिली ते पाचवीसाठी कायदा 200 दिवस आणि 800 तास मागतो. 1 जूनला शाळा उघडली, ऑक्टोबरअखेरपर्यंत रविवार आणि मोजके सण सोडले, तर सव्वाशे दिवस निघतात. रोज सहा तास धरले तर साडेसातशे तास. म्हणजे तासांचा हिशोब दिवाळीआधीच जवळजवळ मिटतो. उरलेले दिवस भट्टीवर भरायचे: शाळेत दोन शिक्षक असतील तर एकानं नोव्हेंबर ते मे पोरं जिथे असतील तिथे जायचं. वलगणीला दोन दिवस सुट्टी, तारीख पाऊस ठरवेल. उन्हाळ्याची सुट्टी वाडी परत येईपर्यंत.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 9 मध्ये स्थानिक प्राधिकरणाच्या कर्तव्यांची यादी आहे. त्यात स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळेल हे पाहणं आहे, आणि शैक्षणिक वर्षाचं वेळापत्रक ठरवणं आहे. दोन्ही जबाबदाऱ्या एकाच कलमात, काही ओळींच्या अंतरानं. आमच्याकडे स्थानिक प्राधिकरण म्हणजे जिल्हा परिषद. मंत्रालयापर्यंत जायची गरज नाही, अलिबागपर्यंत गेलं तरी पुरे.

माझा एक जुना विद्यार्थी आता त्या वाडीच्या शाळा समितीचा अध्यक्ष आहे. बर्फाच्या कारखान्यात कामाला जातो, त्यामुळे दिवाळीनंतरही वाडीवर असतो, आणि सही स्वतः करतो. वेळापत्रक बदलण्याचा ठराव त्यानं लिहिला. मी फक्त कलमाचा आकडा घातला आणि शुद्धलेखन तपासलं, ते काही सुटत नाही. "बाई, भाषेचं पण घालू का?" त्यानं विचारलं. मी म्हटलं घाल, मातृभाषेचं कलम 29 मध्ये आहे. त्यानं विचार करून नको म्हटलं. आधी पोरं वर्गात असू देत, मग कुठल्या भाषेत ते बघू. मला पटलं नाही, पण ठराव त्याचा होता.

अर्जावर आवक शिक्का पडला आहे. केंद्रप्रमुखांनी वाचून पहिला प्रश्न विचारला, मग शिक्षकांच्या मेच्या सुट्टीचं काय, आणि भट्टीवर गेलेल्या शिक्षकानं राहायचं कुठे? प्रश्न रास्त आहे. मी नोकरीत असते तर मीही हाच विचारला असता. सगळ्यात मोठी अडचण कायद्याची नाही, माझ्याच माजी सहकाऱ्यांची आहे. पुढच्या आठवड्यात संघटनेच्या तालुका शाखेची बैठक आहे, तिथे मला पंधरा मिनिटं दिली आहेत. तुमच्यापैकी कोणी हंगामी स्थलांतराच्या शाळेत भट्टीवर राहून शिकवलं असेल, तर राहण्याची सोय कशी केलीत आणि पगारपत्रकात ती हजेरी कशी दाखवलीत, तेवढं मला कळवा.